पाडण्याआधी निदान नावे तरी उतरवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेट्रो-३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि गिरगाव व काळबादेवी ही स्थानके मुंबईच्या नकाशावर आली. सोय झाली, यात वाद नाही. मेट्रोसाठी ज्यांची घरे गेली त्यांचे पुनर्वसन याच भागात करायचे ठरले. ते ठरवून घ्यायला रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले, हेही खरे. पण मेट्रोची कामे हा या बदलाचा एक तुकडा झाला. धोबीतलावापासून चिराबाजार, ठाकुरद्वार करीत प्रार्थना समाजापर्यंत जाणारा जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजे आमचा जुना गिरगाव रोड, पुनर्विकासाच्या पत्र्यांआड एकेक इमारत करून नाहीसा होतो आहे. (नाना शंकरशेटांचे नाव मिळालेले मेट्रो स्थानक मात्र मुंबई सेंट्रलला आहे. असो.)

आधीच सांगतो, हे पत्र चाळ वाचवा म्हणून लिहिलेले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपत आणि पहाटे मजल्याच्या टोकाला टमरेल घेऊन रांग लागे. ज्यांनी ती रांग लावली ते चाळीवर कविता करीत नाहीत. घरातल्या बायकांचे हाल तर विचारूच नका. लोकांना स्वतंत्र संडास असलेले घर मिळते आहे, ते मिळालेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की इमारत पाडण्यापूर्वी तिची मोजमापे घेतली जातात, क्षेत्रफळाचा इंचन्इंच कागदावर चढतो, पण तिथे कोण राहून गेले याची नोंद जपून ठेवायची जबाबदारी कोणाचीच नसते.

आणि राहून कोण गेले? नेहमीची उत्तरे सगळ्यांना पाठ आहेत. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. शांताराम चाळीच्या आवारात टिळकांच्या, गांधींच्या सभा झाल्या. प्रार्थना समाज १८६७ चा, काकडवाडीतला आर्य समाज १८७५ चा. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लागला आणि देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये. ही दोन्ही थिएटरे आता नाहीत. मॅजेस्टिकच्या जागी तर त्याच नावाचे शॉपिंग सेंटर उभे आहे.

पण हा इतिहास सभांचा आणि सोहळ्यांचा झाला. रस्ता ज्यांच्यावर चालत होता ती माणसे वेगळी, आणि त्यांचा माग काढायचा तर जुन्या मराठी पुस्तकांची पहिली दोन पाने उघडावीत. ‘खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४’ हा मौज प्रकाशनाचा पत्ता. मौजेचे संपादक श्री. पु. भागवतांच्या हाताखालून गेलेले नवे मराठी साहित्य वाचकांकडे आले ते या वाडीतून. ‘मुंबई २’ म्हटले की चिराबाजारचे कर्नाटक मुद्रणालय आणि पलीकडे कोलभाट गल्लीतले जावजी दादाजींचे निर्णयसागर. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्याच्या देवनागरी टाइपात देशभरच्या संस्कृत पंडितांनी ग्रंथ वाचले. पोथ्या आणि स्तोत्रे छापणारे केशव भिकाजी ढवळे गिरगावातले, मॅजेस्टिक बुक स्टॉलही त्या सिनेमाच्या आवारातून वाढलेला. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ. एका हाकेच्या टापूत एका भाषेचा एवढा कारभार मुंबईत दुसरीकडे कुठे होता?

पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, मुद्रकाचेही असते. टाइपाचा खिळा खिळा जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे नसते. माझे आजोबा अशाच एका छापखान्यात जुळारी होते. राहायला ठाकुरद्वारच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. त्याच मजल्यावर एक मुद्रितशोधक, एक नाटक कंपनीचा पेटीवाला, दोन गिरणी कारकून आणि एकट्या माणसांना जेवू घालणाऱ्या एक खाणावळवाल्या मावशी होत्या. ही मावशी किती जणांच्या पहिल्या पगारापर्यंत उधारीवर थांबली असेल, कोण जाणे. पुढच्या वाड्यांमध्ये पाठारे प्रभू, दैवज्ञ, सारस्वत, भंडारी, गुजराती कुटुंबे आणि खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती. गिरगाव म्हणजे फक्त पांढरपेशे ब्राह्मण, हे चित्र आपण लेखक मंडळींनी तयार केले, कारण लिहायला तेच बसले होते.

ही माणसे गेली कशी, हेही नीट सांगितले जात नाही. ‘मराठी माणूस विकून निघून गेला’ असे एका वाक्यात उरकले जाते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरावर गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला डागडुजीत रस उरला नाही. मग पागडीचा, म्हणजे रोख रक्कम घेऊन भाडेहक्क हाती देण्याचा, व्यवहार चालला. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला आणि टेकूंच्या आधाराने आणखी काही दशके निघाली. तोवर घरात लग्ने झाली, खोलीत दुसरा संसार मावेना, आणि थोरला डोंबिवलीला, धाकटा बोरिवलीला गेला. यात कोणी पळून गेले नाही, जागा पुरली नाही.

असे आधीही घडले आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्ती कापून सँडहर्स्ट रोड काढला गेला. गव्हर्नरांचे नाव रस्त्याला लागले, पुढे ते बदलून सरदार पटेलांचे लागले. ज्यांची घरे त्या आखणीत गेली त्यांतले एक तरी नाव आज गिरगावकराला सांगता येईल का? आपल्याच पिढीबाबत पुन्हा तेच होऊ द्यायचे आहे का?

करायचे म्हटले तर फार अवघड नाही. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला ना-हरकत देताना दुरुस्ती मंडळ रहिवाशांची यादी तपासून प्रमाणित करतेच. भाडेपावत्या, शिधापत्रिका, वीजबिले त्या फाइलीत असतात. वाद मिटले, ताबे दिले गेले की या फाइलींचे पुढे काय होते? त्या रद्दीत जाण्याऐवजी काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात जाव्यात. खासगी तपशिलांसाठी हवी तर काही वर्षांची मुदत घालावी. सोबत विकासकाकडून पाडण्यापूर्वीची छायाचित्रे आणि प्रत्येक मजल्याचा नकाशा घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंडळाचे एक परिपत्रक पुरे.

वाडीच्या नावाचेही तेच. फणसवाडी, आंबेवाडी, झावबावाडी ही नावे टॉवरच्या इंग्रजी नावामागे जातात आणि दहा वर्षांत टपालाच्या पत्त्यातूनही गळतात. फाटकावर वाडीचे मूळ नाव ठेवण्याची अट परवानगीतच घातली तर विकासकाचा एक चौरस फूटही कमी होत नाही.

डोंबिवली, बोरिवली, विरार, ठाण्याला गेलेल्या गिरगावकरांना एक विनंती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या भाडेपावत्या, चाळ समितीच्या वर्गणीच्या वह्या, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका असतील, तर त्या रद्दीवाल्याला देऊ नका. मुलांना मोबाइलवर त्या कागदांचे फोटो काढायला सांगा आणि कागदांच्या मागच्या बाजूला खोली क्रमांक, मजला आणि शेजाऱ्यांची नावे आठवतील तेवढी लिहून ठेवा. परिपत्रक निघेल तेव्हा निघेल.

आपला,
ठाकुरद्वारचा एक माजी बिऱ्हाडकरू
(सध्या मुक्काम डोंबिवली)