यॉर्कहून पत्र: बाबांच्या गुडघ्याला झेपेल तेवढं

यॉर्क, इंग्लंड,
१२ एप्रिल

तीर्थरूप आई, बाबा आणि आजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. ड्यूटी, डबा, थंडी हे रविवारी फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पण फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून लगेच "घे, आईशी बोल" म्हणतात आणि माझं त्यांच्याशी बोलायचं राहून जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. रोहन, आजीला मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखव.

मार्चअखेरीला माझ्या वॉर्डातल्या स्वातीचे आई-बाबा सांगलीहून आले होते. तिला नेमकी सलग ड्यूटी लागली आणि मला सुट्टी होती, म्हणून काका-काकूंना गाव दाखवायला मी निघाले. आई, काकू तुझ्याच वयाच्या. पायऱ्या आल्या की माझा हात धरायच्या आणि विचारायच्या, "तुझ्या आईला कधी आणतेस गं?" मी म्हणायचे, "येणार आहेत, काकू." त्या दिवसापासून जिथे जाईन तिथे मनात हिशोब चालू असतो, की इथे बाबांना बसायला बाक आहे का, इथे आईला थंडी वाजेल का. तो हिशोबच आज कागदावर उतरवते.

आधी मिन्स्टर, म्हणजे इथलं मोठं चर्च, कारण गावात कुठेही उभं राहिलं तरी ते दिसतं. आजी, तू मागे विचारलं होतंस की ही सारखी चर्चमध्ये का जाते. काळजी करू नकोस. माझ्या खोलीत गणपती आहे, संकष्टी चालू आहे आणि पाडव्याला खिडकीत छोटी गुढीही उभी केली होती. तिथे मी बघायला जाते आणि गप्प बसून येते. शिवाय गावात राहणाऱ्यांना तिकीट माफ आहे, म्हणजे खर्चाचाही प्रश्न नाही. हे देऊळ १२२० च्या सुमारास बांधायला घेतलं आणि १४७२ मध्ये पुरं झालं. ज्यांनी पाया घातला त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनाही ते पुरं झालेलं दिसलं नसणार, तरी कुणी काम अर्ध्यावर सोडलं नाही.

पूर्वेच्या भिंतीत टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काचेची खिडकी आहे. जॉन थॉर्नटन नावाच्या कॉव्हेंट्रीच्या कारागिराने ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली, सगळे मिळून ५६ पौंड घेऊन. वर जगाची उत्पत्ती, खाली जगाचा शेवट, सगळं काचेच्या तुकड्यांत. २००८ मध्ये ती उतरवली, ३११ चौकटी एकेक करून दुरुस्त केल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बसवून पुरी केली. म्हणजे करायला तीन वर्षं आणि जपायला दहा. काका तिच्यासमोर बसले ते उठेचनात.

दक्षिणेकडच्या भागाला ९ जुलै १९८४ ला मध्यरात्री आग लागली होती. बहुतेक वीज पडून. छप्पर गेलं, तिथली गोल खिडकी उष्णतेने हजारो ठिकाणी तडकली, पण जागेवरून हलली नाही. नवं छप्पर करताना त्यावरच्या काही लाकडी नक्षीगोळ्यांसाठी टीव्हीच्या एका कार्यक्रमातून मुलांकडून चित्रं मागवली. म्हणून त्या जुन्या देवळात वर बघितलं की चंद्रावर उतरलेला माणूस दिसतो. मला ही गोष्ट फार आवडली, की जुनं परत उभं करताना मुलांनाही हात लावू दिला.

मधल्या मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, चिंचोळ्या आणि गोल. बाबा, ते तुम्ही करायचं नाही. डॉक्टर "हळूहळू चढा" म्हणाले तरी नाही.

तुमच्यासाठी मी वेगळी जागा हेरून ठेवली आहे. मिन्स्टरच्या उत्तरेला डीन्स पार्क म्हणून हिरवळ आहे, सपाट आणि बाकं असलेली. तिथे बसून घंटा ऐकायच्या. आता हे नीट सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला खूप वेळ लागला आणि गणिताच्या मास्तरांशिवाय आपल्या घरात कुणाला ते पटणार नाही.

तासाचे टोले देणारी ग्रेट पीटर वेगळी, ती एकटीच जवळजवळ ११ टनांची आहे. मी म्हणते ते दुसऱ्या मनोऱ्यातल्या घंटांविषयी. त्या माणसं वाजवतात, हौसेने, आणि त्यात गाणं नसतं, भजन नसतं, चालच नसते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलंय. आपल्या मेणवलीला वसईहून आलेली घंटा आहे ना, ती टांगलेली असते आणि आतला लोलक हलवला की वाजते. इथे तसं नाही. इथे अख्खी घंटा मोठ्या चाकाला बांधून तोंड वर करून उभी केलेली असते. खाली दोरी ओढली की ती पूर्ण गिरकी घेते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. एका घंटेला एक माणूस. घंटा इतकी जड, की वाजवणाऱ्याच्या हातात तिला जरा रोखणं किंवा जरा लवकर सोडणं एवढंच असतं. मग गाणं कसं वाजणार? म्हणून या लोकांनी, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी, सुरांऐवजी क्रमच बदलायचं ठरवलं.

बाबा, कागद घ्या. चार घंटा धरा. पहिल्या फेरीत १२३४. दुसरीत २१४३. मग २४१३, मग ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि शेवटी परत १२३४. नियम असे: प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजायची, एका फेरीतून दुसरीत जाताना कुठलीही घंटा एका जागेपेक्षा जास्त सरकायची नाही, आणि शेवटचा १२३४ सोडला तर एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. समोर कागद नसतो. सगळं पाठ. सात घंटांचे ५०४० क्रम होतात आणि ते सगळे न थांबता वाजवायला तीनेक तास लागतात. पाणी प्यायलाही कुणी हलत नाही. मिन्स्टरला बारा घंटा आहेत. बाराचे सगळे क्रम वाजवायचे म्हटलं तर तीस वर्षांहून जास्त लागतील, ते अर्थातच कुणी करत नाही. पण जेवढे करतात तेवढे चुकू देत नाहीत. शेजारच्या दोरीकडे बघून आणि कानाने ऐकून आपली जागा धरायची असते. वॉर्डातल्या एक सिस्टर त्यांच्या खेड्यातल्या चर्चमध्ये वाजवतात, त्यांनी मला हे जेवणाच्या सुट्टीत चमचे मांडून शिकवलं. श्रोत्यांसाठी वाजवतात का विचारलं तर म्हणाल्या, नाही, बरोबर यावं म्हणून. बाबा, तुम्ही रिटायर झाल्यावरसुद्धा सकाळी उठून गणितं सोडवत बसता, तेव्हा आई विचारते, हे कशासाठी. मला तुमची आठवण आली, एवढंच.

गावाभोवतीचा तट सव्वातीन-साडेतीन किलोमीटर आहे आणि वरून फुकट चालता येतं. पायऱ्या जुन्या आहेत आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, म्हणून तुम्हाला फक्त बूथम बार ते मंक बार, म्हणजे एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत, एवढाच तुकडा दाखवीन, हात धरून. तिथून मिन्स्टर सगळ्यात चांगलं दिसतं. तटाच्या उतारावर मार्चमध्ये पिवळे डॅफोडिल्स फुलतात, काकूंनी तिथे खूप फोटो काढले. रोमन लोकांनी इथे इसवी सन ७१ च्या सुमारास छावणी घातली, आणि ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैनिकांनी इथेच सम्राट केलं. मिन्स्टरच्या बाहेर त्याचा बसलेला पुतळा आहे.

क्लिफर्ड्स टॉवर हा टेकडीवरचा जुना बुरूज, तिथे मी काका-काकूंना वर नेलं नाही. चढ आहे म्हणून, पण तेवढंच नाही. ११९० मध्ये गावातले ज्यू लोक जमावाला घाबरून तिथल्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात शिरले होते. सुमारे दीडशे माणसं, बायकामुलांसकट. बहुतेकांनी आपल्याच हाताने जीव दिला, उरलेल्यांना मारलं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या स्मरणाचा दगड आहे. सगळे टेकडीचा फोटो काढतात आणि त्या दगडाजवळून निघून जातात. मी काकूंना तिथे थांबवून सांगितलं. एवढ्या सुंदर गावात हेही झालं, ते बघणाऱ्याला माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. दोन्हीकडची लाकडी घरं वर एकमेकांकडे इतकी झुकलेली, की खाली ऊन पडत नाही. मांस टांगायचे आकडे अजून आहेत, पण आता दुकानं चॉकलेटची, खेळण्यांची आहेत. आई, तुला मळमळणार नाही. चॉकलेटचंच हे गाव. रोहन, किटकॅट १९३५ मध्ये इथल्याच राउनट्रीच्या कारखान्यात निघालं, तेव्हा नाव वेगळं होतं. तुझ्या लग्नाला येताना बॅग भरून आणते.

आणि रेल्वे म्युझियम! बाबा, हे मुख्य. तिकीट नाही, सगळं सपाट, चाकाची खुर्ची मिळते, आणि आपण वाठारला गाडीसाठी ताटकळलेली माणसं, तिथे दिवसभर गाड्याच गाड्या. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन आहे, १९३८ मध्ये ते ताशी १२६ मैलांनी धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. काका म्हणाले, मला इथेच सोडून जा.

आता तुमच्या काळज्या. हिवाळ्यात ऊझ नदीच्या पुराचा व्हिडिओ मावशीने पाठवला, तो खरा होता, पण माझी खोली चढावर आहे. नदीकाठच्या रस्त्यावर दरवर्षी पाणी येतं आणि लोक वाळूच्या पोत्यांनी दारं बुजवतात. धाकट्या फॉस नदीच्या तोंडाशी १९८७ पासून मोठा दरवाजा आहे, पूर आला की तो खाली सोडतात आणि आतलं पाणी पंपाने बाहेर टाकतात. २०१५ च्या डिसेंबरात पंपांच्या इमारतीत पाणी शिरल्यामुळे तो उचलावा लागला, म्हणून बरीच घरं बुडाली. नंतर पंप वाढवले. आपण कृष्णाकाठची माणसं, तुम्ही एवढं घाबरू नका. रात्रपाळीहून मी उजाडल्यावर परतते. एकटी नसते. वजन कमी झालेलं नाही, फोटोत कोटामुळे तोंड लहान दिसतं. भाकरी करते, ज्वारीचं पीठ लीड्सहून आणते. आणि काका-काकूंना फिरवलं म्हणून दमले नाही, आई. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी जे मला करता आलं नाही, त्यातलं थोडंसं कुणाच्या तरी आई-वडिलांसाठी केलं. रोहनने तेव्हा सगळं एकट्याने निभावलं, हे मी विसरलेले नाही.

आता महत्त्वाचं, एका दमात लिहिते. लग्नासाठी रजा मंजूर झाली, पण हळदीच्या आदल्या दिवशीच पोचेन. केळवणं, बस्ता, मांडव, काहीच हाती लागणार नाही. सीमाला सांगा, तिची नणंद तिच्यावर रुसलेली नाही, ती फक्त लांब आहे. कार्यालयाचा उरलेला हप्ता आणि सोनाराचे पैसे या आठवड्यात रोहनच्या खात्यावर टाकते. बाबा, तुम्ही एफडी मोडू नका, मी पुन्हा पुन्हा सांगते आहे.

दुसरं, माझं काम इथे पुढे चालू राहणार आहे. वॉर्डाने वरची जागा दिली आणि मी हो म्हटलं. निघताना दोन वर्षं म्हटलं होतं, ते मला आठवतं. पगार वाढेल, घराचं कर्ज लवकर फिटेल आणि तुम्हाला इथे आणता येईल. हे फोनवर सांगायला मला जमलं नसतं, कारण आई गप्प झाली असती.

तिसरं, मावशीने सांगितलेलं पुण्याचं स्थळ. मी नाही म्हणत नाही. लग्नाला आले की मुलाशी स्वतः बोलीन. तोवर त्यांना शब्द देऊ नका, आणि मुलगी लवकरच परत येणार आहे असंही सांगू नका. खरं सांगा. खरं ऐकून जे राहतील, त्यांच्याशी पुढचं बोलू.

आजीला नमस्कार, शेजारी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा.

तुमची,
मनू

ता.क. आईच्या पासपोर्टची मुदत डिसेंबरात संपते, नव्यासाठी अर्ज लग्नाच्या आधी टाका, नंतर पाहुण्यांत राहून जाईल. व्हिसाची फी आणि तिकिटं माझी. सप्टेंबर बघते आहे, तेव्हा फार थंडी नसते. बाबांनी रोजचे व्यायाम चुकवायचे नाहीत, रोहनला फोनवर विचारणार आहे.