नातवंडांची कागदं तिकिटाच्या आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की आपल्या सांगलीत परदेशातली नातवंडं यायला लागतात. वालचंद कॉलेजला शिकून गेलेली पोरं आता चाळिशीत आलीत, कुणी अमेरिकेत कुणी लंडनला, आणि आमच्या विश्रामबागेत तर एकाआड एक घरातलं कुणीतरी बाहेर आहे. पेपरात पुराबद्दल, रस्त्यांबद्दल, हळदीच्या दराबद्दल येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण या लहान पोरांच्या प्रवासाच्या कागदांबद्दल मराठीत नीट कुणी सांगत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

आपल्याकडं सर्रास म्हणतात, आमच्या नातवाला दोन्ही देशांचं नागरिकत्व आहे. आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. भारतात मोठ्या माणसाला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, 1955 चा नागरिकत्व कायदा आहे. अमेरिकेत जन्मलेली जी पोरं आज तिथं शाळेत जातात ती जन्मानं अमेरिकन, आईबाप दोघांचे पासपोर्ट भारतीय असले तरी. जन्म झाल्यावर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करून बाळाला भारतीय करता येतं, पण तेव्हा आईबापांनी लिहून द्यावं लागतं की याच्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. आणि अमेरिकेचा नियम असा की तिथल्या नागरिकानं, मग तो दोन महिन्यांचा का असेना, देशात येता जाताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा. मग बहुतेक जण अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि भारतासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. हे कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा समजा, नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसानं येते, तासगाव पलूसकडचे लोक हे हमखास विचारतात म्हणून सांगितलं).

आमच्या ओळखीतल्या एका घरात मागच्या लग्नसराईत काय झालं बघा. मुलगा सून नातू तिघं यायचे, मांडवाच्या आदल्या दिवशी पोचणार होते. आईबापांना व्हिसा लागत नाही म्हणजे पोरालाही लागत नसणार असं धरून चालले, आणि विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं पोराचा अमेरिकन पासपोर्ट उलटापालटा केला आणि विचारलं याचा व्हिसा कुठाय. झालं. बोर्डिंग पास मिळाला नाही, सून पोराला घेऊन मागं राहिली, मुलगा एकटाच आला आणि करवलीच्या मानाची ती सून व्हिडिओ कॉलवर. त्या घरातल्या आजीनं नातवासाठी शिवून आणलेला कुर्ता मला दाखवला, अजून पिशवीतच होता. एवढा जीव लावून माणसं वाट बघतात हो, आणि अडतं कुठं तर एका कागदापाशी.

आणि इथंच सांगलीत जन्मलेल्या बाळांचं तर अजून अवघड. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तिचा पासपोर्ट भारतीय, जावई ब्रिटिश नागरिक झालेला. ते बाळ आईमुळं जन्मतः भारतीय आणि बापामुळं जन्मतः ब्रिटिश, खरंखुरं दोन्हीकडचं. आता ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन बाळाला नेता येत नाही. आणि 25 फेब्रुवारी 2026 पासून ब्रिटननं नियम कडक केलाय, दुसऱ्या देशाचाही पासपोर्ट असलेल्या ब्रिटिश नागरिकानं ब्रिटिश पासपोर्ट किंवा त्यांचा हक्काचा दाखला (सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट) दाखवल्याशिवाय विमानात बसायचं नाही. तिकडचा पासपोर्ट काढला की इकडचा परत करायचा, आणि नव्या पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्काच नाही तर बाहेर पडायला वेगळी परवानगी. हे सगळं बाळंतिणीनं सव्वा महिन्यात कसं निस्तरायचं?

दुसरं म्हणजे आई एकटी पोराला घेऊन येते तेव्हाचं. माझी लेक नातीला घेऊन आली, जावयांना रजा नव्हती. लेकीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, नातीच्या पासपोर्टवर बापाचं. मधल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि सहा वर्षांच्या पोरीकडं वाकून विचारलं, ही कोण? ती घाबरून आईच्या ओढणीत शिरली. लेकीकडं जावयांचं नोटरी केलेलं संमतीपत्र होतं आणि जन्माचा दाखला होता म्हणून पाच मिनिटांत सुटल्या. असं पत्र इंग्रजीत करावं, त्यात प्रवासाच्या तारखा, दोघांचे पासपोर्ट नंबर आणि बापाचा चालू फोन नंबर पाहिजे. अधिकाऱ्याचा राग मानू नये असं मला वाटतं. एका पालकानं परस्पर पळवलेलं मूल परत आणायचा 1980 चा हेग करार आहे, त्यात भारत सामील नाही, म्हणजे बापाला न विचारता पोर इथं आणलं तर त्यानं आपल्या कोर्टात भांडत बसायचं. तेव्हा ते विचारतात ते पोराच्या काळजीनंच.

पासपोर्टच्या तारखाही बघाव्यात. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या पोरांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि नवीन काढताना आईबाप दोघं हजर पाहिजेत नाहीतर गैरहजर पालकाची नोटरी केलेली संमती. इथं असताना संपला तर पोराला घेऊन मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. पोर वीस वर्षांचं होईपर्यंत दर वेळी नवीन पासपोर्ट आला की ओसीआयच्या साइटवर तो आणि नवा फोटो अपलोड करायचा, 2021 पासून हे फुकट आहे. तरी आमच्या शेजाऱ्यांकडून एका एजंटनं त्याचे हजारो रुपये घेतले, याची मला फार चीड येते.

पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात भारतीय पासपोर्टचं काम होतं, ओसीआयचं होत नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच प्रश्न. आधारची शिबिरं होतात, दाखल्यांची होतात. तसं जिल्हा प्रशासनानं पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाशी बोलून मे आणि डिसेंबरात एकेक दिवस मार्गदर्शनाचा ठेवावा, फॉर्म भरून द्या असं म्हणत नाही, फक्त माहितगार माणूस बसवा जो मराठीत उत्तर देईल. आणि तुम्ही सुट्ट्यांच्या आधी या विषयावर अर्धं पान द्यावं ही कळकळीची विनंती, इथल्या आज्या आजोबा पेपर वाचूनच पोरांना फोन करतात.

आपली नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली