स्कूबाआधीची दहा मिनिटे मागून घ्या

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की मालवण, तारकर्ली, देवबागला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारण्यासाठी, गर्दी उसळते. आलेल्यांपैकी अनेकांना पोहता येत नाही. त्याने फारसे अडत नाही, कारण प्रशिक्षक हात सोडत नाही. अडते ते उतरण्यापूर्वीच्या शिकवणीपाशी. गर्दीत ती दोन मिनिटांत उरकली जाते. पर्यटकांनी ती हट्टाने मागावी, कमरेएवढ्या पाण्यात, निदान दहा मिनिटे.

आधी कान. पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो, म्हणून पाच-सहा मीटरांवरही कान ठणकतात. दुखायची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. कान मोकळा झाला नाही तर थोडे वर यावे. जोर लावला तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी उतरूच नये.

मग श्वास. टाकीत निव्वळ ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. श्वास रोखून वर आल्यास ती छातीत फुगते, आणि फुप्फुसाला इजा व्हायला दीड मीटरची चढणही पुरते. घाबरलेला माणूस नेमका श्वासच कोंडतो. म्हणून रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी, धरून संथ श्वास घेण्या-सोडण्याचा सराव उथळ पाण्यातच व्हावा. मास्कखाली केसाची बट किंवा दाट मिशी आली की पाणी झिरपते. तेव्हा मान वर करून मास्कची वरची कड दाबावी आणि नाकाने जोरात हवा सोडावी. अंगठा वर केल्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. व्हिडिओसाठी तो दाखवणाऱ्यांना प्रशिक्षक खरोखरच वर आणतो!

दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया फॉर्मवर लपवू नये. विमान किमान बारा तासांनंतरचे घ्यावे. बोटीत लाइफ जॅकेट अंगातच हवे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला होता.

येथील समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तरीही फोटोसाठी प्रवाळाला धरले जाते, त्यावर पाय टेकवले जातात. पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या रबरी पंखांच्या) फटक्याने उडालेला गाळ बसला तरी प्रवाळ गुदमरतो. मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकणे तर बंदच व्हावे. बोटमालकांनी प्रवाळावर नांगर टाकू नये, आणि प्रशासनाने बोटी बांधायला तेथे कायमचे तरंगते बोये बसवावेत, ही विनंती.

– स्कूबा प्रशिक्षक, मालवण