त्या फिजिओथेरपिस्ट ताईंचे आभार

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि लेकाची थेरपीही थांबली. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू आखडतात, त्यांच्यावर नीट ताबा राहत नाही. वाढत्या वयात हाडं लांबतात, आखडलेले स्नायू मागे पडतात. बघता बघता त्याची टाच टेकेना, पाऊल सरळ ठेवणारा आधार, म्हणजे स्प्लिंट, पायात जाईना. कपडे बदलतानाही कळवळायचा.

हेल्पलाइनवर तुम्ही भेटलात. व्हिडिओ कॉलवर स्वतः जमिनीवर बसलात, पायमोज्यात कापड कोंबून त्याचा पाय केलात आणि टाच तळहातात कशी धरायची, गुडघा सरळ ठेवून पाऊल सावकाश वर कसं न्यायचं, ते दाखवलंत. घाई केली की स्नायू उलट जास्तच घट्ट होतो म्हणालात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या संपत आल्या होत्या. त्या एकदम बंद करायच्या नसतात असं बजावून डॉक्टरांशी बोलणं करून दिलंत.

मग विचारलंत, "तुमची कंबर कशी आहे?" त्याला उचलून उचलून ती पार कामातून गेली होती. सगळे लेकाची चौकशी करायचे (करायलाच हवी म्हणा), माझी कुणी केली नव्हती. त्याला आधी बिछान्याच्या कडेला आणायचं, आपण गुडघ्यात वाकायचं, अंगाशी धरूनच उचलायचं, हे तुम्ही शिकवलंत. ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार.