गार्डला माणूस पकडता येतो का? गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: खाजगी सुरक्षा रक्षकांना माणूस अडवण्याचा अधिकार किती आहे, याबाबत लेखी सूचना काढण्याची विनंती

महोदय,

मी अकरा वर्षं सुरक्षा रक्षकाची नोकरी केली. आधी ठाण्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर, मग एका मोठ्या दुकानात, शेवटची तीन वर्षं सुपरवायझर म्हणून. गुडघे बोलायला लागले तेव्हा वर्दी उतरवली. हे पत्र म्हणजे तक्रार आहे आणि त्या तक्रारीतला एक आरोपी मी स्वतः आहे.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातलं मशीन वाजलं आणि मी एका पोराचं मनगट धरलं. तेरा-चौदा वर्षांचा असेल, अंगात शाळेची खाकी पँट, वर घरचा टी-शर्ट. खिशात डिओची एक बाटली आणि केसांना लावायचं जेल. दोन्ही मिळून ३८० रुपयांचा माल. फ्लोअर मॅनेजर म्हणाला, ‘आत घे.’ आत म्हणजे मागचं गोडाऊन. तेलाचे खोके, एक स्टूल, वर लुकलुकणारी ट्यूब. मॅनेजरने बिलाच्या रोलचा कागद फाडला, माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि पोराकडून माफीनामा लिहून घेतला. ‘माफी’तली वेलांटी पोराने पहिली काढली. मोबाइलवर त्याचा फोटो काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकला. ‘चोरी करताना आढळल्यास दहापट दंड’ अशी पाटी कॅश काउंटरवर होती, त्या हिशेबाने ३,८०० रुपये आणून दे, मगच पोराला ने, असा निरोप बापाला गेला.

बाप अडीच तासांनी आला, १,२०० रुपये घेऊन. कुणाकडून तरी उसने घेतलेले, कारण नोटा मोजताना प्रत्येक नोट तो दोनदा बघत होता. तेवढ्यावर सुटका झाली. ते अडीच तास मी गोडाऊनच्या दाराला पाठ लावून उभा होतो. मधे एकदा पोराने मला विचारलं, ‘काका, लघवीला जाऊ का?’ आणि मी ते मॅनेजरला विचारायला गेलो.

पोलिसांना फोन कुणीही केला नाही.

पुढे एका सोसायटीत ड्युटी लागली. तिथे वकिलीण बाई राहायच्या, रात्री उशिरा यायच्या, गेटवर दोन शब्द बोलायच्या. त्यांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पकडलंत ते चालून गेलं असतं. ठेवलंत ते चुकलं. आणि केस झाली असती तर पहिलं नाव तुमचं.’ मॅनेजरने दाराला हात लावला नव्हता. दारावर मी होतो.

त्यांच्याकडून मी कायदा शिकलो, साहेब. एजन्सीकडून नाही. तो असा आहे.

गार्डच्या वर्दीला अटकेचा वेगळा अधिकार नाही. विमानतळावरच्या सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) जवानाला वॉरंटशिवाय अटक करता येते, कारण त्याच्या १९६८ च्या कायद्यात तसं कलम आहे. आमच्यासाठीच्या २००५ च्या खाजगी सुरक्षा अभिकरण कायद्यात असं एकही कलम नाही. उलट पोलिसासारखी किंवा सैन्यासारखी दिसणारी वर्दी घातली तर एक वर्षापर्यंत कैद, हे कलम २१ मात्र आहे. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला जेवढा अधिकार, तेवढाच मला. तो पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. फरारी म्हणून जाहीर झालेला माणूस सोडला, तर अटी दोन: गुन्हा माझ्या डोळ्यांसमोर घडला पाहिजे आणि तो दखलपात्र (पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा), दोन्ही असला पाहिजे. धरलेला माणूस विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसाच्या ताब्यात द्यायचा किंवा जवळच्या ठाण्यात न्यायचा.

या सहा तासांची मला धास्ती आहे. जुन्या कलमात तासांचा आकडा नव्हता. नव्यात तो घातला तो वरची मर्यादा म्हणून. पण दुकानाच्या मॅनेजरला हे कलम वाचायला दिलंत तर त्याला ‘उशीर न करता’ दिसणार नाही, ‘सहा तास’ दिसतील. माफीनामा, फोटो, वसुली, सगळं सहा तासांत आरामात बसतं.

आता खरी गाठ बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, पहिलीच वेळ आणि माल परत केला, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. नागरी सुरक्षा संहितेच्या तक्त्यात असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवला आहे. मग कलम ४० चा अधिकार संपला. दुकानात पकडली जाणारी चोरी बहुतेक अशीच असते, शाम्पू, चॉकलेट, बदामाचं पाकीट. दुसऱ्या बाजूला कलम ३०५ आहे. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, सात वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. दुकान त्यात बसतं असं कुणी म्हटलं तर अधिकार परत आला. ३०३ की ३०५, पहिली वेळ की दुसरी, किंमत छापील धरायची की सवलतीची, हे सगळं कुणी ठरवायचं? बारा तासांच्या ड्युटीतल्या दहाव्या तासाला, मशीन वाजत असताना, आठवी पास माणसाने. तोही अर्ध्या मिनिटात. चुकला तर बेकायदा अडवलं म्हणून कलम १२६, डांबून ठेवलं म्हणून कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

माल वाचवण्याचा हक्क त्याला आहे, हे खरं. चोर माल घेऊन निसटेपर्यंत तो काढून घेण्यापुरतं बळ वापरता येतं. पण बाटली परत काउंटरवर आली की तो हक्कही तिथेच संपतो. गोडाऊनचं दार त्याच्या पुढे लागतं.

सोसायट्यांमधलं प्रकरण याहून वाईट आहे, आणि त्याला पेपरात जागाही मिळत नाही. सातव्या मजल्यावरच्या ताईंची अंगठी सापडत नाही. त्या इंटरकॉमवर सांगतात, ‘मंदाला गेटवर थांबवा.’ मंदा म्हणजे धुण्याभांड्याची बाई, नाव मी बदललंय. गार्ड तिला केबिनमध्ये बसवतो, पिशवी उलटी करतो. पिशवीत डबा, प्लास्टिकमध्ये बांधलेली कालची भाजी, मुलीच्या शाळेचा फॉर्म. अंगठी चोरीला गेलीच असेल तरी ती गार्डसमोर गेलेली नाही. त्याला फक्त इंटरकॉम ऐकू आला आहे. कलम ४० तिथे लागूच होत नाही. ‘ताईंनी सांगितलं’ हा कायद्यात आधार नाही, पण गेटवर त्याच्याएवढा मोठा आधार दुसरा नाही. (अंगठी पुढे बेसिनच्या खाली सापडते. नेहमीच नाही, पण सापडते. तेव्हा इंटरकॉम वाजत नाही.)

आणि झडती. कायद्याने अटक झालेली असली तरी झडती गार्डने घ्यायची नाही. नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये स्पष्ट आहे: खाजगी माणसाने पकडलं असेल तर झडती तो माणूस ज्याच्या ताब्यात दिला त्या पोलीस अधिकाऱ्याने घ्यायची. बाईमाणसाची झडती बाईनेच घ्यायची आणि सभ्यता सांभाळून. मॉलच्या दारात पर्स उघडून दाखवणं हे तुमच्या संमतीचं काम आहे. नको म्हणालात तर दुकानदार आत येऊ नका म्हणू शकतो, तेवढंच. हे मी अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

दवाखान्यांच्या गेटचं एका वाक्यात: बिल थकणं हे देणं आहे, गुन्हा नाही, तरी पेशंटला ‘बिलिंगची चिठ्ठी दाखव’ म्हणून अडवायला उभा असतो तो गार्डच.

आमच्या धंद्यात त्या २००५ च्या कायद्याला ‘पसारा’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. नाव शोभतं. या पसाऱ्याच्या केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत प्रशिक्षण १६० तासांचं होतं: १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर, निदान वीस कामाचे दिवस. विषयांत आग विझवणं होतं, प्रथमोपचार होते, पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांच्या खुणा ओळखणं होतं, दंड संहितेची तोंडओळख होती, एफआयआर कशी नोंदवायची तेही होतं. कागदावर चांगलं होतं. माझं प्रशिक्षण एका दुपारी झालं. सॅल्यूट कसा मारायचा, रजिस्टर कसं भरायचं, साहेबांची गाडी कशी ओळखायची. संध्याकाळी प्रमाणपत्र हातात आणि दुसऱ्या दिवशी पॉइंटवर, म्हणजे ड्युटीच्या जागेवर. १६० तास झाले अशी सही मी केली आहे, तीही कबूल करतो. सही केली नसती तर पॉइंट मिळाला नसता.

गार्ड इतका पुढे का होतो, हेही विचारा. उर्मट असतो म्हणून नाही, निदान सगळे नसतात. शॉर्टेज, म्हणजे मालात तूट, निघालं की एजन्सीचं बिल अडतं आणि ते गार्डच्या पगारातून कापलं जातं. चोर सुटला तर पाचशे रुपये गेले, चोर डांबला तर शाबासकी. असं गणित समोर ठेवलं की माणूस दाराला पाठ लावून उभा राहतो.

पोलिसांचंही बोलतो, कारण खातं आपलंच आहे. सुपरवायझर झाल्यावर मी नियम केला होता की माणूस धरला की आधी फोन करायचा. तीनदा असं झालं की पलीकडून उत्तर आलं, ‘किती रुपयांचा माल? मग तुम्हीच मिटवा ना आपसात.’ ‘आपसात मिटवा’ याचा दुकानात एकच अर्थ निघतो. ठाण्यात माणसं कमी आहेत, बंदोबस्त आहेत, सणवार आहेत, मान्य. पण मग मला तरी सांगा की माणूस सोडून द्या. धरू नका असंही पोलीस म्हणत नाहीत, गाडीही येत नाही, मधल्या वेळेत जे होतं ते गोडाऊनमध्ये होतं.

माझी मागणी नवा कायदा करा अशी नाही. आहे तो गेटपर्यंत पोचवा, एवढीच आहे. एजन्सीला परवाना देणारा नियंत्रक अधिकारी कायद्यानेच आपल्या गृह विभागातला सहसचिव किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा, नाहीतर समकक्ष अधिकारी असतो. त्याच्या सहीने एक परिपत्रक निघू द्या, मराठीत आणि हिंदीत, कारण मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी गेटांवर मराठी वाचता न येणारी पोरं उभी आहेत. त्यात लिहा की गार्डने माणूस कधी धरायचा, कधी नाही. ५,००० च्या आतला माल परत मिळाला तर नाव-पत्ता विचारून जाऊ द्यायचं. धरलाच तर पहिला फोन ११२ ला, मॅनेजरला नंतर. बंद खोलीत नाही, कॅमेऱ्यासमोर बसवायचं. पाणी, संडास, घरी फोन, याला परवानगी लागत नाही. झडती नाही, माफीनामा नाही, दहापट दंड नाही. दंड लावायचा अधिकार दुकानाला कुणीच दिलेला नाही, त्या पाट्या उतरवा. पोर अठराच्या आतलं असेल तर फोटो तर नाहीच नाही. बालन्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणूनच केलं आहे.

सोबत एक रजिस्टर सक्तीचं करा. आमच्याकडे गाड्यांचं रजिस्टर असतं, दूधवाल्याचं असतं, चावीचं असतं. माणूस अडवल्याचं नसतं. कधी अडवला, काय डोळ्यांनी पाहिलं, फोन किती वाजता केला, पोलीस किती वाजता आले. परवान्याच्या नूतनीकरणाला एजन्सीने ते दाखवावं. ठाण्यानेही गार्डच्या फोनची वेळ डायरीत घ्यावी, म्हणजे उशीर कुणाचा ते कळेल. आणि पगारातून शॉर्टेज कापणाऱ्या एजन्सीला नोटीस काढा. ते खातं कामगार मंत्र्यांचं असेल तर त्यांना माझं पत्र पुढे पाठवा. १९८१ पासून आपल्या राज्यात सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा आणि कल्याणाचा वेगळा कायदा आहे, त्याची आठवण त्यांना करून देता येईल.

परिपत्रकाचा मसुदा मी सोबत जोडला आहे. वकिलीण बाईंनी तपासून दिलाय. दीड पान आहे, मोठ्या अक्षरात टाइप केलंय, केबिनच्या काचेवर आतून चिकटवता येईल असं.

आपला,
एक माजी सुरक्षा पर्यवेक्षक, ठाणे

प्रत: नियंत्रक प्राधिकारी, गृह विभाग, पोलीस आयुक्त, ठाणे शहर