आधी मावशींची रजा ठरव

पुणे,
१४ जून २०२४

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. साताऱ्याजवळच्या त्या वृद्धाश्रमाचा कारभार तू हातात घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. तुझे विश्वस्त पुढच्या साथीची तयारी म्हणून फवारणीचं मशीन आणि दारात निर्जंतुकीकरणाचा बोगदा घ्यायचं म्हणतायत आणि तुला माझं मत हवंय. बोगदा मुळीच घेऊ नकोस. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्याने डोळ्यांना, कातडीला आणि श्वासाला अपाय होतो, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावलं होतं. घशात बसलेल्या विषाणूला अंगावरच्या फवाऱ्याने काय होणार? ते पैसे वाचव, ते दुसरीकडे लागणार आहेत.

आधी मावशींची, म्हणजे आजी-आजोबांची सेवा करणाऱ्या बायकांची, आजारपणाची पगारी रजा ठरव. लेखी ठरव. बाकीचं सगळं त्यानंतर.

असं का म्हणते ते सांगते. आपले आजी-आजोबा कुठे जात नाहीत. ९ मार्च २०२० ला राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण इथे नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि काही दिवसांतच आम्ही आमच्या वृद्धाश्रमात नातेवाइकांना फाटकाबाहेर थांबवलं. मग रोज आत-बाहेर करणारं उरलं कोण? आम्हीच. सिस्टर, मावशी, मामा, स्वयंपाकाच्या ताई. विषाणू आत येणार तो आमच्यापैकीच कुणाच्या तरी श्वासातून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलंड गावी एका शुश्रूषागृहात अगदी सुरुवातीला साथ शिरली. १८ मार्च २०२० पर्यंत त्या एका ठिकाणाशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले. त्यात १०१ तिथे राहणारे, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले. राहणाऱ्यांपैकी तिघांत एक दगावला. नंतर आजूबाजूच्या संस्थांतही साथ पोचली तेव्हा तिथल्या तपासणीत जी कारणं पुढे आली, ती मी आमच्या ड्यूटी रूममध्ये लिहून लावली आहेत. लक्षणं असतानाही कर्मचारी कामावर येत होते. तीच माणसं एकाहून जास्त ठिकाणी काम करत होती. आणि आजार ओळखायला उशीर झाला.

यातलं पहिलं आणि दुसरं आपल्याकडे कसं घडतं ते तुला माहीत आहेच. ब्युरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेली मावशी रोजावर असते. दिवसा बारा तास आपल्याकडे, आणि तेवढ्यात घर भागत नाही म्हणून रात्री दुसरीकडे पेशंटजवळ. सकाळी घसा खवखवला तर ती सांगेल कशाला? सांगितलं की खाडा, खाडा की पैसे कापले. ती तापाची गोळी घेऊन येते आणि फाटकावरच्या थर्मल गनमध्ये आकडा नॉर्मल दिसतो. आम्ही ज्यांच्याकडून माणसं घ्यायचो त्या ब्युरोने रजेचे पैसे द्यायला साफ नकार दिला. शेवटी आमच्या संस्थेने ते स्वतः द्यायचं ठरवलं, आणि दुसरं काम सोडणाऱ्यांना त्याचा फरकही भरून दिला. त्यानंतर सकाळी सकाळी फोन यायला लागले, ‘ताई, अंग मोडून आलंय, आज येत नाही.’ असा फोन आला की मला इतका दिलासा वाटायचा! जो आजार यापूर्वी कळलाच नसता तो फाटकाबाहेरच थांबला होता. एप्रिल २०२० मध्ये भवानी पेठेतल्या वस्त्या पत्रे ठोकून बंद केल्या तेव्हा तिथल्या मावशींची राहायची सोय आम्ही संस्थेतच केली. त्यांची पोरंबाळं घरी होती. त्यांनी काय सोसलं ते पगाराने फिटणारं नाही.

या गावात हे नवं नाही गं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांच्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आणलं आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना हात जोडतो, आणि आजारी माणसाला उचलणाऱ्या आजच्या बाईला खाड्याचे पैसे कापतो. मला याचा खरंच राग येतो.

आता चहा. हसू नकोस. खोलीत मावशी मास्क लावून वागते, पण दुपारी चारला सगळ्याजणी त्या छोट्या खोलीत दाटीने बसतात, मास्क हनुवटीखाली, डबे एकमेकींत फिरतात, पंखा बंद कारण भजी गार होतात. माझी ठाम खात्री आहे की आमच्यातली बरीचशी लागण तिथेच झाली असती. आम्ही चहा मागच्या व्हरांड्यात नेला आणि दोघी-दोघींच्या पाळ्या लावल्या. बसायला बाकं, वर पावसासाठी पत्रा. त्यांना पाय पसरायला चांगली जागा दिलीस तर कुणी त्या कोंदट खोलीत जाणार नाही. नुसत्या पाट्या लावून मात्र काही होत नाही. हवेचं तेच तत्त्व खोल्यांनाही लाव. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि बाहेर हवा फेकणारा पंखा. थंडीत आजी कुरकुर करतील, त्यांना शाल दे, खिडकी उघडीच ठेव.

हातमोज्यांवर मात्र तू स्वतः उभी राहून लक्ष दे. मी एकदा नुसती कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. एका मावशीने मोजे घालून आजोबांचं डायपर बदललं, त्याच मोज्यांनी पलंगाची कड धरली, खिशातला मोबाईल काढून कट केला, शेजारच्या आजींची कवळी उचलून वाटीत ठेवली आणि मग मोजे काढून हात न धुता दाराची कडी लावली. तिचं काही चुकतंय असं तिला वाटणं शक्यच नव्हतं, कारण मोजे कसे वापरायचे हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मोजे हातात असले की हात स्वच्छ आहेत असं वाटतं. म्हणून एक माणूस, एक काम, एक जोडी. काढल्यावर हात धुवायचेच. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. बाटली दाराशी टांगून भागत नाही, प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी हवी. हात भरलेले असताना कुणी दारापर्यंत जात नाही.

फरशीला आधी साबणाचं पाणी, मग हायपो, म्हणजे ब्लीचचं पाणी. हायपो रोज ताजं करायचं आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू द्यायचं नाही, विषारी वायू होतो. हे साफसफाईच्या मावशींना स्वतः सांग. फरशीपेक्षा कठडे, कॉलबेलचं बटण, वॉकरची मूठ आणि टीव्हीचा रिमोट यांना जास्त हात लागतात, तिथे फडकं जास्त वेळा फिरलं पाहिजे.

किर्कलंडचं तिसरं कारण म्हणजे आजार उशिरा ओळखणं. म्हातारपणी ताप पुस्तकासारखा येत नाही. ज्यांचं रोजचं तापमान ९७ असतं त्यांना ९९ म्हणजेच ताप. म्हणून प्रत्येकाच्या नावाचं पान कर आणि बरे असतानाचे त्यांचे आकडे लिहून ठेव, तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही. त्याखाली स्वभाव लिही. आमच्या एक आजी रोज सकाळी पेपर आधी त्यांनाच हवा म्हणून भांडायच्या. एके दिवशी पेपर उशाशी तसाच पडून होता. ताप नाही, खोकला नाही. मावशीने येऊन सांगितलं, ‘ताई, आज भांडल्या नाहीत.’ ऑक्सिजन पाहिला तर ९१, म्हणजे कमी. त्यांना तिथल्या तिथे वेगळ्या खोलीत हलवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. अचानक गोंधळणं, पडणं, जेवण टाकणं, गप्प होणं ही सगळी लक्षणंच धर. आणि एक सापडला की त्या मजल्यावरच्या सगळ्यांची चाचणी. त्याच अमेरिकन भागातल्या दुसऱ्या शुश्रूषागृहात ७६ जणांना तपासलं तर ४८ बाधित निघाले, आणि त्यातल्या २७ जणांना त्या दिवशी कसलंच लक्षण नव्हतं.

लागण झालेल्यांची मावशी वेगळी ठेव. तिने तिकडचं करून इकडचं करायचं नाही, रात्रपाळीतसुद्धा नाही. ज्यांना विसराळूपणाचा आजार आहे ते मास्क ठेवणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नकोस, मास्क आपण लावायचा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आपले ओठ दिसत नाहीत, ते घाबरतात. आम्ही पाट्या-पेन्सिली आणल्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून बोलत होतो.

नातेवाइकांबद्दल आम्हा सहकाऱ्यांत मतभेद आहेत, माझं मत तेवढं सांगते. फाटक महिनोन्महिने पूर्ण बंद ठेवू नकोस. आजारापेक्षा एकटेपणाने खंगणारे आजोबा मी पाहिलेत, जेवणच सोडतात. प्रत्येकाचं एक माणूस ठरव, त्याला मास्क आणि हात धुणं शिकव, भेट अंगणात होऊ दे. जे शेवटच्या अवस्थेत आहेत त्यांच्या घरच्यांना मात्र खोलीत पलंगाशी येऊ दे. तिथे मी कुणाचंही ऐकत नाही.

एक काम या आठवड्यातच कर. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं, पण तिशीतली एखादी ब्युरोची मावशी त्या यादीत नसेल तर तिची पाळी आली १ मे ला. आपल्या आजी-आजोबांची १ मार्चलाच आली होती. म्हणजे दुसऱ्या लाटेत त्यांना भरवणारीच लशीविना होती. तुझ्याकडच्या प्रत्येकाचं नाव, आधार आणि कामाचं पत्र संस्थेच्या शिक्क्यासकट आत्ताच तयार ठेव, ब्युरोची असोत वा कायमची. दरवर्षीची फ्लूची लस आजी-आजोबांबरोबर त्यांनाही देत जा.

आमच्या करारातलं पगारी रजेचं कलम सोबत जोडलंय. तुझ्या वकिलांना दाखव, आणि विश्वस्तांची बैठक झाली की मला फोन कर. गरज पडली तर मी स्वतः साताऱ्याला येऊन त्यांच्याशी बोलेन.

तुझी,
मंगल