रात्रपाळीच्या झोपेचीही नोंद व्हावी

महोदय,

माझ्या यजमानांनी सोलापुरातील एका गिरणीत २२ वर्षे तिसरी पाळी केली. सकाळी ते परतले की मी खिडकीला चादर बांधून खोली अंधारी करीत असे आणि मुलांना गल्लीत पिटाळीत असे. तरीही उन्हाळ्यात पत्र्याखाली त्यांना जेमतेम चार तास झोप लागे. आज ते ७४ वर्षांचे आहेत. ज्येष्ठांची झोप आणि स्मरणशक्ती यांवरील एका संशोधनासाठी त्यांनी गेल्या महिन्यात पुण्यात एक रात्र दिली. ‘या वयात अंगावर प्रयोग कशाला करून घेता?’ असे शेजारीपाजारी विचारतात, म्हणून हे पत्र.

त्यांना कोणतेही औषध दिले गेले नाही. केसांत भांग पाडत पाडत डोक्याला चिकट मलमाने बारीक तारा लावल्या, छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला आणि झोपायला सांगितले. सकाळी ‘रात्रभर जागाच होतो’ असे ते म्हणाले, पण नोंदीनुसार ते चार तासांहून अधिक झोपले होते. झोप किती लागली हे माणसाला स्वतःला नीट सांगता येत नाही, म्हणूनच मोजमाप करावे लागते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, पन्नाशी ते सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळले. अपुरी झोप हेच त्याचे कारण, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण हा संबंध दिसला तोच मुळी सुमारे आठ हजार जणांनी २५ वर्षे आपल्या नोंदी घेऊ दिल्या म्हणून. ते लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील कर्मचारी होते. आयुष्यभर रात्री साच्यावर उभे राहून दिवसा झोपलेल्यांबद्दल त्यातून फारसे कळणार नाही. शेजारच्या कर्नाटकात, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा भागात, भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र ४५ वर्षांवरील ग्रामस्थांच्या मेंदूच्या आरोग्याचा दीर्घकाळ पाठपुरावा करीत आहे. गिरण्या बंद पडल्या तरी रात्रपाळी केलेली माणसे सोलापुरात अजून आहेत. ती आहेत तोवरच असे काम येथेही सुरू व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. संमतिपत्र इंग्रजीत होते आणि आमच्या नातीने ते वाचून सांगितल्यावरच यजमानांनी सही केली. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेता येणे, हा तिचा हक्क आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर आजोबांपुढे तेलुगूतील कागदच यायला हवा आणि तो कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला हवा.

यजमानांना पुढील तपासणीसाठी पुन्हा बोलावले आहे. तुलनेसाठी रात्रपाळी न केलेली माणसेही लागतात असे समजल्यावर या वेळी मीही माझे नाव दिले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर